गिटार अ‍ॅम्प चालू करताच ‘धप्प’, ‘घूंऽऽ’ की ‘खर्रर्र’? आवाज ऐकून बिघाड असा ओळखा

अ‍ॅम्पचं बटण दाबलं की आधी ‘धप्प’, मग सतत ‘घूंऽऽ’, आणि व्हॉल्यूम फिरवला की ‘खर्रर्र’. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या जवळपास प्रत्येकाने यातलं काहीतरी ऐकलेलं असतं. मग डोक्यात एकच विचार येतो, अ‍ॅम्प गेला की काय? बहुतेक वेळा गेलेला नसतो. कधी केबल खराब असते, कधी शेजारचा चार्जर त्रास देत असतो, तर कधी घराच्या वायरिंगमध्येच घोळ असतो. आणि हा शेवटचा प्रकार नुसता कटकटीचा नाही, जीवावर बेतणारा आहे. म्हणून हा लेख शेवटपर्यंत वाचा.

माझं गाव कुरुंदवाड, तालुका शिरोळ. आमच्याकडे गिटारपेक्षा बेंजो जास्त ऐकू येतो. पण गणपतीच्या मांडवातला बेंजो असो, भजनी मंडळाचा माईक असो की कॉलेजच्या बँडची गिटार, सगळ्यांच्या मागे अ‍ॅम्प असतोच आणि त्याची दुखणीही सारखीच असतात. त्यामुळे खाली जिथे ‘गिटार’ लिहिलंय तिथे पिकअप लावलेला बेंजो धरलात तरी चालेल.

आधी थोडं समजून घेऊ: अ‍ॅम्प करतो काय?

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल फार बारीक असतो, एका व्होल्टच्याही काही भागाइतका. अ‍ॅम्प तो मोठा करून स्पीकरला देतो. अडचण अशी की अ‍ॅम्पला संगीत आणि कचरा यातला फरक कळत नाही. वायरमध्ये जे शिरेल ते सगळं तो मोठं करतो.

आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. म्हणजे भिंतीतल्या प्रत्येक वायरभोवती सेकंदाला ५० वेळा बदलणारं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र असतं. ते पिकअपने किंवा केबलने पकडलं की आपल्याला ‘घूंऽऽ’ ऐकू येतं. सगळ्यात कॉमन आवाज हाच.

पायरी १: बिघाड कुठल्या भागात आहे ते शोधा

मी कामाने सॉफ्टवेअर इंजिनियर. प्रोग्राममध्ये बग आला की आम्ही एकेक भाग बंद करत जातो आणि कुठला भाग बंद केल्यावर त्रास थांबतो ते बघतो. इथेही तेच करायचं. स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, पाच मिनिटं पुरतात.

१. अ‍ॅम्पला लावलेलं सगळं काढा. गिटार, पेडल, फोन, लॅपटॉप, सगळं. व्हॉल्यूम आणि गेन शून्यावर आणा आणि अ‍ॅम्प चालू करा. तरीही मोठा ‘घूं’ येत असेल तर दोष अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमध्ये किंवा शेवटच्या स्टेजमध्ये आहे.

२. शून्यावर शांत असेल तर काहीही न लावता व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. आवाज वाढत गेला तर तो प्रीअ‍ॅम्पमधून येतोय. थोडी ‘शूऽऽ’ चालते, खरखर किंवा मोठा ‘घूं’ चालत नाही.

३. आता व्हॉल्यूम परत कमी करून केबल आणि गिटार थेट अ‍ॅम्पला लावा, मध्ये पेडल नको. गिटारचा व्हॉल्यूम नॉब शून्यावर न्या. आवाज बंद झाला तर तो गिटारच्या पिकअपमधून येत होता. शून्यावरही राहिला तर केबल किंवा जॅक तपासा.

४. शेवटी पेडल, फोन, मिक्सर एकेक करून जोडा. ज्याच्यामुळे आवाज सुरू होईल तो तुमचा आरोपी.

एक गंमत लक्षात ठेवा. केबलचं एक टोक अ‍ॅम्पमध्ये आणि दुसरं मोकळं लोंबकळत असेल तर मोठा ‘घूं’ येणारच. ती मोकळी तार अँटेनासारखं काम करते. हा बिघाड नाही. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये इनपुटला काहीच लावलेलं नसताना तो आतल्या आत ग्राउंडला जोडलेला असतो, म्हणून तेव्हा शांत वाटतो.

पायरी २: कुठला आवाज, काय कारण?

‘धप्प’ (चालू-बंद करताना एकदाच)

चालू करताना आतले कपॅसिटर चार्ज होतात आणि सर्किट स्थिर व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात एक धक्का स्पीकरपर्यंत पोहोचतो. छोट्या आणि स्वस्त अ‍ॅम्पमध्ये हलकासा ‘धप्प’ नॉर्मल आहे. जरा महागड्या अ‍ॅम्पमध्ये रिले असतो. तो दोन-तीन सेकंद थांबून मगच स्पीकर जोडतो. ‘टक्’ असा आवाज येतो तो त्याचाच.

पण धप्प रोज मोठा होत चालला असेल किंवा अचानक वाढला असेल तर स्पीकरच्या कागदी कोनकडे बघा. चालू केल्यावर कोन पुढे किंवा मागे जाऊन तिथेच अडकून राहिला तर लगेच बंद करा. याचा अर्थ स्पीकरला सतत डीसी करंट जातोय आणि थोड्याच वेळात त्याची कॉइल जळेल. हा अ‍ॅम्प दुरुस्त होईपर्यंत पुन्हा लावायचा नाही.

‘घूंऽऽ’ (सतत, जाडसर)

याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी.

पहिला ५० हर्ट्झचा. हा बाहेरून येतो. केबलचं शिल्डिंग तुटलेलं, पिकअपजवळ ट्रान्सफॉर्मर, नाहीतर ग्राउंड लूप.

दुसरा १०० हर्ट्झचा, जरा चढा. एसीचं डीसी करताना फुल वेव्ह रेक्टिफायर ५० चे १०० धक्के करतो आणि मोठे फिल्टर कपॅसिटर ते सपाट करतात. हे कपॅसिटर जुने झाले, उष्णतेने सुकले किंवा वरून फुगले की धक्के तसेच स्पीकरपर्यंत येतात. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही हा आवाज येतो, ही त्याची खूण. कपॅसिटर बदलला की अ‍ॅम्प पुन्हा ठणठणीत होतो आणि पार्टही फार महाग नसतो.

‘शूऽऽ’ (वाळू सांडल्यासारखा)

इलेक्ट्रॉनिक पार्टमधला हा नैसर्गिक आवाज. गेन आणि ट्रेबल पूर्ण वर असेल तर येणारच. गेन कमी करून मास्टर व्हॉल्यूम वाढवा, फरक पडेल. डिस्टॉर्शन पेडल चालू असेल तर ही शूऽऽ अनेक पटींनी वाढते.

‘खर्रर्र’ (नॉब फिरवताना किंवा केबल हलवताना)

नॉबखालच्या पॉटमध्ये धूळ बसलीय किंवा गंज आलाय. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून तो नॉब पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे मिळतो, तो वापरतात. खोबरेल तेल, डिझेल असले प्रयोग नकोत. तेलावर धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत पहिल्यापेक्षा जास्त खरखर होते.

केबल हलवल्यावर खरखर येत असेल तर जॅकजवळचं सोल्डर सुटलंय. दुसरी केबल लावून खात्री करा. आणि केबल घेताना बघून घ्या: स्पीकरची दोन तारांची वायर आणि गिटारची शिल्डेड केबल, दोन्हीला एकाच मापाचा जॅक बसतो. स्पीकरची वायर गिटारला लावली की ‘घूं’ ठरलेलाच.

‘झर्रर्र’ (माशी घोंघावल्यासारखा, बोचरा)

बहुतेक वेळा खोलीतलीच एखादी वस्तू. इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर, स्वस्त एलईडी बल्ब, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, मोबाइलचा चार्जर. एकेक बंद करून बघा. पंखा एकदम फुल स्पीडला किंवा पूर्ण बंद केल्यावर आवाज गेला तर रेग्युलेटरच दोषी.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवताय? स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर ५० हर्ट्झसोबत १५०, २५०, ३५० हर्ट्झचा भरपूर कचरा देतो. महावितरणची लाइट असताना अ‍ॅम्प शांत आणि इन्व्हर्टरवर झर्रर्र, असं असेल तर अ‍ॅम्पला दोष देऊ नका. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास खूप कमी होतो.

गिटार हातात घेऊन जागेवरच गोल फिरून बघा. एका दिशेला आवाज कमी होत असेल तर तुमचे पिकअप सिंगल कॉइल आहेत आणि आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र पकडतायत. यावरचा उपाय फार जुना आहे. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हमबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. उलट्या दिशेने जोडलेल्या दोन कॉइल, त्यामुळे बाहेरचा ‘हम’ एकमेकांना कापतो आणि तारांचा आवाज तेवढा उरतो. नावातच सगळं आलं.

पायरी ३: फोनलाच डिटेक्टर बनवा

५० की १०० हे नुसत्या कानाने ओळखणं कठीण जातं. इथे फोन कामाला येतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे. त्यात ‘ऑडिओ स्पेक्ट्रम’ उघडा, फोन स्पीकरसमोर धरा आणि कुठल्या हर्ट्झवर उंच टोक दिसतं ते बघा.

- ५०, १५०, २५० वर टोकं: बाहेरचा त्रास. केबल, ग्राउंड लूप, पिकअप, इन्व्हर्टर.
- १००, २००, ३०० वर टोकं आणि ५० वर जवळपास काही नाही: फिल्टर कपॅसिटरवर संशय.

फोनचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी बनलेला असतो, ५० हर्ट्झ त्याला नीट ऐकू येत नाही. म्हणून ५० चं टोक बारीक दिसलं तरी १५० आणि २५० वर लक्ष ठेवा.

अ‍ॅप नको असेल तर गिटारच वापरा. सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे ‘जी’, ९८ हर्ट्झ. अ‍ॅम्पचा ‘घूं’ या सुरापेक्षा किंचित चढा वाटला तर तो १०० चा. त्याच्या खालच्या सप्तकातला वाटला तर ५० चा.

कधी कधी आरोपी फोनच असतो

आजकाल बॅकिंग ट्रॅक फोनवर लावून तो ऑक्स केबलने अ‍ॅम्पला जोडतात. फोन चार्जिंगला असेल तर अनेकदा ‘झर्रर्र’ सुरू होतो. चार्जर काढून बघा. लगेच शांत झालं? मग चार्जरमधून थोडा करंट केबलच्या ग्राउंडमध्ये झिरपतोय. उपाय सोपा आहे, फोन आधी चार्ज करा, मग वाजवा. लॅपटॉपचंही तसंच.

दुसरा आवाज ‘टिट-टिटिट-टिट-टर्रर्र’ असा, फोन येण्याच्या आधी ऐकू येणारा. २जी नेटवर्कवर फोन सलग नाही तर तुकड्या-तुकड्यांत रेडिओ सिग्नल पाठवतो, सेकंदाला साधारण २१७ वेळा. अ‍ॅम्प तेच २१७ हर्ट्झ ऐकवतो. ४जी फोनवर हा आवाज क्वचितच येतो, पण साधा बटणाचा फोन किंवा रेंज घसरून २जीवर गेलेला फोन अ‍ॅम्पवर ठेवलात की येतो. फोन दोन-तीन फूट लांब ठेवा, विषय संपला.

ग्राउंड लूप म्हणजे काय?

अ‍ॅम्प एका खोलीच्या बोर्डवर, मिक्सर दुसऱ्या खोलीच्या बोर्डवर, आणि दोघांमध्ये ऑडिओ केबल. आता दोघांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेली: एकदा भिंतीतल्या वायरने, एकदा ऑडिओ केबलच्या शिल्डने. या गोलात बारीक करंट फिरत राहतो आणि तो ‘घूं’ बनून ऐकू येतो.

उपाय असे:
- सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून, एकाच चांगल्या एक्स्टेन्शनवर चालवा.
- तरीही येत असेल तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स लावा. डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण असतं. ते ऑडिओ केबलचं ग्राउंड तोडतं, विजेच्या प्लगची अर्थिंग तशीच राहते. यातला फरक पुढच्या मुद्द्यात कळेल.

इथे मात्र थांबा: अर्थ पिन कधीही काढू नका

‘वरची जाड पिन काढ, घूं बंद होतोय’ हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देणारच. त्याने आवाज खरंच बंद होतो, कारण लूप तुटतो. म्हणूनच हा सल्ला धोकादायक आहे.

गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या शिल्डला जोडलेल्या असतात. शिल्ड अ‍ॅम्पच्या चासीला, चासी अर्थ पिनला. म्हणजे तुमची बोटं ज्या तारांवर आहेत त्या थेट अर्थ पिनपर्यंत पोहोचतात. आतमध्ये फेज वायर चासीला टेकली आणि अर्थिंग असेल तर भरपूर करंट जमिनीत जातो, फ्यूज किंवा एमसीबी उडतो. अर्थिंग नसेल तर फ्यूज उडत नाही, आणि २३० व्होल्ट तुमच्या तारांवर येऊन बसतात. समोर दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या सिस्टिमवरचा माईक आहे आणि गाताना ओठ त्याला लागले, तर सर्किट तुमच्या शरीरातून पूर्ण होतं.

हे पुस्तकी बोलणं नाही. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नीट नसलेल्या माईकला हात लागल्याचं निमित्त झालं.

तीन पिनच्या प्लगमध्ये अर्थ पिन मुद्दाम लांब आणि जाड असते. प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. तिला काढून, टू-पिन कन्व्हर्टर लावून किंवा मांडवात सॉकेटमध्ये उघड्या तारा काडीने खोचून आपण तीच सोय मोडतो.

कुरुंदवाडमधलं एक उदाहरण

माझ्या मावसभावाचा छोटा प्रॅक्टिस अ‍ॅम्प चालू केला की ‘घूं’ यायचा आणि तारांना हात लावला की मुंग्या. त्याच्या मते पिकअप खराब होता. आम्ही वरच्या पायऱ्या केल्या. केबल बदलली, फरक नाही. फोनवर बघितलं तर टोकं ५० आणि १५० वर, म्हणजे कपॅसिटर नाही. मग तोच अ‍ॅम्प शेजारच्या घरात लावला. तिथे शांत, मुंग्याही नाहीत. म्हणजे अ‍ॅम्प, केबल, गिटार तिन्ही सुटले, आरोपी घराचं वायरिंग.

वायरमनने बोर्ड उघडला तर अर्थची तार टर्मिनलपाशी हिरवी पडून तुटलेली. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत पाणी त्या बोर्डपर्यंत आलं होतं. दिवे-पंखे अर्थिंगशिवायही चालतात, त्यामुळे इतकी वर्षं कोणाला कळलं नाही. त्याच बोर्डावर घरातलं वॉशिंग मशीनही चालत होतं. अ‍ॅम्पचा ‘घूं’ ही तक्रार नव्हती, ती सूचना होती.

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांत राहणाऱ्यांनी हे जरूर तपासून घ्या:

- पुराचं पाणी लागलेल्या प्रत्येक बोर्डचं अर्थ टर्मिनल वायरमनकडून बघून घ्या. मुख्य बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. करंट शरीरातून जायला लागला की तो क्षणात लाइन तोडतो.
- उन्हाळ्यात काळी जमीन सुकून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. अशी अर्थिंग नीट काम करत नाही. खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.
- अ‍ॅम्प स्वतः पुरात भिजला असेल तर ‘वाळलाय वाटतं’ म्हणून लावून बघू नका. आत बसलेला गाळ ओलावा धरून ठेवतो आणि त्यातून करंट वाहतो. आधी दुरुस्तीवाल्याकडून उघडून साफ करून घ्या.
- तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा अ‍ॅम्पच्या लोखंडी भागावर टेस्टर पेटला तर वाजवणं तिथेच थांबवा. भिंतीतलं बटण बंद करा, मग प्लग काढा.

घरी काय करायचं, काय नाही

केबल बदलणं, नॉब फिरवणं, जागा बदलणं, एकेक वस्तू बंद करून बघणं, हे बिनधास्त करा. अ‍ॅम्प उघडणं मात्र नको. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये तर हा चार्ज ३०० ते ५०० व्होल्टपर्यंत असू शकतो.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना ‘आवाज येतोय’ एवढंच सांगू नका. असं सांगा: ‘व्हॉल्यूम शून्यावर, काहीही न लावता, चालू केल्यापासून १०० हर्ट्झचा घूं येतो.’ फोनवर रेकॉर्डिंग आणि स्पेक्ट्रमचा स्क्रीनशॉट दाखवा. त्याचा तपासण्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसे.

रोजची सवय: चालू-बंद करण्याचा क्रम

चालू करताना: व्हॉल्यूम शून्य → केबल दोन्ही टोकांना लावा → पेडल आणि मिक्सर चालू → अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी → मग व्हॉल्यूम हळूहळू वर.

बंद करताना उलट: व्हॉल्यूम शून्य → अ‍ॅम्प सगळ्यात आधी बंद → मग पेडल, मिक्सर → शेवटी केबल काढा.

एवढ्या क्रमाने पेडल-मिक्सरचे आणि केबल खुपसतानाचे मोठे धप्प स्पीकरपर्यंत पोहोचतच नाहीत आणि स्पीकरचं आयुष्य वाढतं. उरलेला आवाज कुठून येतो ते आता तुम्हाला शोधता येईल. आज अ‍ॅम्प चालू करण्याआधी फक्त एक गोष्ट बघा: प्लगला तिसरी पिन आहे ना, आणि ती ज्या सॉकेटमध्ये जाते तिथे अर्थिंग खरंच आहे ना.